बालवाडीची पारख कशी करावी?

दरवर्षी जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतात, तेव्हा आमच्या वसतिगृहाच्या ओट्यावर पालकांची गर्दी होते. पत्र्याच्या पेट्या, गुंडाळलेल्या सतरंज्या, नव्या बादल्या आणि पाचवीत दाखल होणारी मुले. आईच्या कडेवर बहुधा एक धाकटे भावंड असते. प्रवेशाचे कागद पुरे झाले, की मुलाचे वडील आम्हांला जरा बाजूला घेतात आणि विचारतात, "सर, ह्याले तं तुमच्या हाती देलं. आता ह्या लहानीले कोन्त्या नर्सरीत टाकू? गावात दोन निंघाल्या. एकीत टाय हाय, दुसरीले गाडी येते."

प्रश्न लहान आहे. उत्तर मात्र उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर लिहीत आहोत. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, बालशिक्षणाचे तज्ज्ञ नव्हे. परंतु तिसऱ्या ते सहाव्या वर्षात मुलाच्या बाबतीत जे घडते किंवा घडायचे राहून जाते, त्याचा हिशेब दहाव्या वर्षी आमच्यापुढे येतो, आणि हा हिशेब आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत.

पाचवीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही वर्गाला एक प्रश्न विचारतो : तुमच्या गावाला हे नाव कसे पडले असेल? काही मुले उठून उभी राहतात, हाताची घडी घालतात आणि गप्प राहतात. उत्तर पुस्तकात नाही, म्हणजे ते नाहीच, अशी त्यांची समजूत झालेली असते. त्यांचे पाढे चोख असतात, हस्ताक्षर वळणदार असते. दुसरी काही मुले वाचताना अडखळतात, पण सांगतात, "गावात पयले लय वड होते म्हने," किंवा "आजीले विचारतो." ही दुसरी मुले विचार करू लागलेली असतात. कोणीतरी, कोठेतरी, त्यांचे बोलणे पूर्वी ऐकून घेतलेले असते. पहिल्या मुलांना त्या जागेपर्यंत आणावयास आम्हांला पुष्कळदा दोन-दोन वर्षे लागतात. याचे सर्व श्रेय वा दोष बालवाडीला देणे अन्यायाचे होईल. घरचे वळण आहे, पुढची चार इयत्ता आहेत. तथापि प्रश्न विचारल्यावर घाबरायचे की विचार करायचा, ही सवय फार लहानपणी लागते, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

आमची स्वतःची चूक

उपदेश करण्यापूर्वी आमची चूक सांगणे उचित होईल. आमची थोरली मुलगी तीन वर्षांची झाली, तेव्हा आम्ही दोघेही पतिपत्नी नोकरीत होतो. शहरात इंग्रजी माध्यमाची एक नवी शाळा निघाली होती. रंगविलेल्या भिंती, लाल टाय, दप्तरावर छापलेले हरीण. आम्ही स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत फाटक्या तरटपट्टीवर शिकलेलो. लेकीच्या गळ्यात टाय पाहून ऊर भरून आला. वर्गात मुले किती आहेत, हे आम्ही विचारले नाही. बाई मुलांशी कशा बोलतात, हे पाहिले नाही. वार्षिक स्नेहसंमेलनात तिने इंग्रजी कविता हातवारे करून म्हटली आणि आम्ही टाळ्या वाजविल्या.

काही महिन्यांनी ती सकाळी पाणी पिण्याचे टाळू लागली. खूप विचारल्यावर उलगडा झाला. शौचाला जायचे असेल तर इंग्रजीतून विचारायचे, असा त्या वर्गाचा नियम होता. तिला ते वाक्य येत नव्हते. एके दिवशी फ्रॉक ओला झाला आणि शाळा सुटेपर्यंत ती तशीच बसून राहिली. वर्गात पन्नासच्या वर मुले. बाईंच्या ध्यानात आले नाही. तेव्हापासून तहान मारण्याचा उपाय त्या चार वर्षांच्या मुलीने स्वतःच शोधून काढला होता.

आम्ही बाईंना दोष देत नाही. पन्नास मुले सांभाळणाऱ्या माणसाला दोष देणे सोपे असते. दोष आमचा होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने जे पाहावयास हवे होते ते आम्ही पाहिले नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना घरून नेलेल्या तरटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपाई असेल तरच पाणी मिळे, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवितो. शाळेत मुलाला पाणी कसे मिळते यावरून त्या शाळेची ओळख पटते, हा त्या प्रसंगाचा धडा. आणि तो आमच्याच लेकीच्या बाबतीत आम्ही विसरलो. तिच्या वर्गात कारण जातीचे नव्हते, भाषेचे होते. पण तहानलेले मूल गप्प बसले, हे दोन्हीकडे सारखेच.

पुढे तिला आम्ही वस्तीतल्या अंगणवाडीत घातले. फरशी उखडलेली होती, खेळणी मोजकी होती. परंतु तेथील सेविकाताई जमिनीवर मुलांच्या बरोबरीने बसत आणि प्रत्येक मुलाला नावाने हाक मारीत. पुढे जे लिहिले आहे त्यातले पुष्कळसे आम्ही त्या ताईंच्या दारात उभे राहून शिकलो.

बालशिक्षण कोणासाठी जन्मले?

आज 'माँटेसरी' हा शब्द महागड्या शाळांच्या फलकांवर दिसतो, आणि हे शिक्षण श्रीमंतांच्या मुलांसाठी असते असा समज होतो. इतिहास याच्या उलट आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, कष्टकऱ्यांच्या चाळीत उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत आणि अंगणांत मोकाट फिरणारी मुले हेच त्यांचे पहिले विद्यार्थी. माँटेसरीबाई 1939 साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांना येथे काही वर्षे राहावे लागले. पण त्यापूर्वीच गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले होते.

गिजुभाईंच्या सोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हे शिक्षण महाराष्ट्राच्या खेड्यात आणले. 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींच्या पाड्यांत गेले. जी मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच अंगणात बालवाडी न्यावी, हा विचार त्यातून पुढे आला. 'अंगणवाडी' हा शब्द तो अंगणातला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालविल्या. बिया, पाने, शंखशिंपले, माती हेच साहित्य. पैशांवाचून उत्तम बालशिक्षण होऊ शकते, याचा हा आपल्याच महाराष्ट्रातला दाखला आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला.

दुसरी गोष्ट संविधानाची. मूळ अनुच्छेद 45 मध्ये, संविधान अंमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत, वयाची चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे म्हटले होते. त्यात वयाची खालची मर्यादा नव्हती. 2002 च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 21-क आणला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. हे मोठेच पाऊल होते. मात्र सहा वर्षांखालील बालके त्या हक्काच्या उंबरठ्याबाहेर राहिली; नव्या अनुच्छेद 45 मध्ये त्यांचे संगोपन व शिक्षण हे राज्याने प्रयत्न करावयाच्या मार्गदर्शक तत्त्वांत गेले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. धोरण आहे, पण हक्क नाही. जेथे हक्क नसतो तेथे पालकाला डोळे अधिक उघडे ठेवावे लागतात. ते उघडे ठेवून काय पाहावे, याकडे आता वळू.

कशाला भुलू नये

गणवेश, टाय, भिंतीवरील कार्टून, गाडी आणि मोठे शुल्क यांचा शिकविण्याशी संबंध नाही. 'माँटेसरी' हे नाव कोणीही फलकावर लिहू शकतो; तेव्हा नावावर जाऊ नये. बाईंनी कोणते प्रशिक्षण घेतले, एवढे विचारावे.

तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत किंवा चाचणी घेणारी शाळा टाळावी. प्रा. यशपाल यांच्या समितीने 1993 साली शासनाला दिलेल्या अहवालात नर्सरीप्रवेशासाठी चाचण्या व मुलाखती घेण्याची प्रथा बंद करण्याची शिफारस केली होती, आणि लहान मुलांवर औपचारिक लेखन-वाचन-गणिताचा मारा करणे ही त्यांच्यावरची हिंसा आहे, असा स्पष्ट अभिप्राय दिला होता.

स्नेहसंमेलनातील पाठांतरालाही भुलू नये. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणाऱ्या मुलापुढे मूठभर चिंचोके ठेवावेत आणि "यातले पाच मला दे" असे म्हणावे. पुष्कळ मुले मूठ भरून देतात. शंभर म्हणणे ही बडबड आहे. पाच मोजून देणे हे गणित आहे.

इंग्रजीविषयी आपल्या समाजात जी ओढ आहे, ती आम्हांला मनापासून मान्य आहे. सावित्रीबाईंनी 1854 सालच्या 'काव्यफुले' या संग्रहातच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता, आणि बाबासाहेबांना जगाची दारे त्याच भाषेने उघडून दिली. इंग्रजी अवश्य शिकावी. परंतु तीन वर्षांच्या मुलाला आपली भूक, भीती आणि तहान ज्या भाषेत सांगता येते ती भाषा काढून घेऊन जे दिले जाते, ते इंग्रजी नव्हे, मुकेपण होय. मायबोलीत ज्याच्या मनात शब्दांचा आणि गोष्टींचा साठा झाला आहे, त्याला दुसरी भाषा पुढे सोपी जाते. इंग्रजी गाणी, खेळ, वस्तूंची नावे कानावर पडू द्यावीत. मात्र मुलाने आपले म्हणणे आपल्या बोलीत सांगण्यास बंदी असू नये.

एक तास बसून काय पाहावे

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थाचालकांना विनंती करावी, की आम्हांला वर्गाच्या कोपऱ्यात एक तास बसू द्या. जी शाळा पालकाला आत बसूच देत नाही, तिच्याविषयी तेवढ्यानेच पुष्कळ कळते. बसू दिले, तर मोबाइल बंद ठेवावा आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, बाई कोठे आहेत? खुर्चीवर की मुलांच्या उंचीवर? लहान मुलाशी बोलताना खाली बसून त्याच्या डोळ्यांत पाहणारी बाई त्याचे ऐकत असते. तासाभरात बाईंनी दिलेल्या आज्ञा आणि विचारलेले प्रश्न मनातल्या मनात मोजावेत. "गप्प बसा", "हात वर", "घडी घाला" हेच अधिक ऐकू आले, तर तेथे मुलांना आवरणे चालले आहे, शिकविणे नव्हे.

दुसरी गोष्ट, घरच्या बोलीचे तेथे काय होते? समजा, एखादे मूल म्हणाले, "बाई, मले पानी पायजे." एक बाई म्हणतील, "मले नाही, मला म्हण. पुन्हा म्हण." मूल पुन्हा म्हणेपर्यंत पाणी थांबेल. दुसऱ्या बाई पेला पुढे करीत म्हणतील, "तुला पाणी पाहिजे का? हे घे पाणी." मुलाला पाणीही मिळाले आणि प्रमाण भाषेचे वाक्यही त्याच्या कानावर पडले, अपमान मात्र झाला नाही. आमच्या मते बालशिक्षिकेची अर्धी परीक्षा या एका प्रसंगात होते. आपल्या वस्त्यांमधून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर ती अधिकच महत्त्वाची, कारण बोलीला हसणे म्हणजे त्या मुलाच्या आईला हसणे, हे त्याला शब्दांत सांगता आले नाही तरी कळते.

तिसरी गोष्ट, मुलांचे हात काय करीत आहेत? मनगटात आठ लहान हाडे असतात. तिसऱ्या वर्षी त्यांतील बरीचशी अजून कूर्चेच्या अवस्थेत असतात, आणि बोटांचे स्नायूही पेन्सिलीवर ताबा मिळविण्याइतके तयार झालेले नसतात. अशा हातांकडून चाररेघी वहीची पाने भरून घेणे म्हणजे वासराला नांगराला जुंपणे होय. त्याऐवजी मुले चिकणमाती मळत आहेत का, मणी ओवीत आहेत का, कागद फाडून चिकटवीत आहेत का, शेंगा सोलणे, डाळ-तांदूळ निवडणे, रांगोळीचे ठिपके देणे असले काही करीत आहेत का, हे पाहावे. हीच लेखनाची पूर्वतयारी. "आमच्या शाळेत काहीच लिहून घेत नाहीत" अशी तक्रार पालक करतात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती खरे तर शिफारस समजावी.

चौथी गोष्ट, गोष्ट कशी सांगतात? बालवाडीत रोज एक गोष्ट झालीच पाहिजे. कोल्हा विहिरीत पडला असे सांगून बाई पुढे जातात, की थांबून विचारतात, "आता तो बाहेर कसा येईल?" मुलांनी दिलेल्या वेड्यावाकड्या उत्तरांना त्या हसतात की ती उत्तरे गोष्टीत गुंफतात? पाचवीत आम्ही विचारतो त्या प्रश्नाचे बी येथे पेरले जाते. गाण्यांमधून यमके आणि शब्दांचे पहिले आवाज ओळखण्याचे खेळ होतात का, हेही ऐकावे. 'कमळ', 'कप', 'काडी' यांत आरंभी सारखाच आवाज आहे, हे कानाला कळले, की पुढे 'क' हे अक्षर डोळ्यांना सहज ओळखू येते. अक्षर आधी आणि आवाज मागाहून, हा क्रम उलटा आहे.

पाचवी गोष्ट, मुलाची चूक झाली तर काय होते? पाणी सांडले, ठोकळे पडले, चित्रातला कावळा हिरवा झाला. मारणे तर दूरच, पण टोमणा मारणे, इतरांसमोर उभे करणे, कोंडून ठेवण्याची किंवा पोलिसाची भीती घालणे हे जेथे दिसेल तेथून मुलाला परत आणावे. याला अपवाद नाही. पाणी सांडलेल्या मुलाच्या हाती फडके देऊन "चल, आपण पुसू" म्हणणारी बाई त्याला जबाबदारी शिकविते.

सहावी गोष्ट, संख्या आणि जागा. केंद्र शासनाच्या 2013 च्या बालशिक्षण धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ, असे प्रमाण सांगितले आहे. तीस मुलांच्या गटासाठी निदान 35 चौरस मीटरची खोली आणि बाहेर खेळण्यास 30 चौरस मीटर जागा असावी, असेही त्या वेळच्या मानकांत आहे. मुले मोजावीत, शाळेने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये. शौचालय मुलांच्या उंचीचे आणि पाण्यासह आहे का, ते स्वतः जाऊन पाहावे. दिवसाचा किती वेळ मुले बसून असतात आणि किती वेळ हालचाल करीत असतात, हेही पाहावे.

सातवी गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे. वर्गातले सर्वांत मागे बसलेले मूल शोधावे. ते बहुधा दाराजवळ किंवा भिंतीशी असते. त्याचे कपडे मळके असतील, नाक वाहत असेल, ते बोलत नसेल. तासाभरात बाई त्याच्याशी किती वेळा बोलल्या? त्याला नावाने हाक मारली का? खेळणे त्याच्या हाती आले का? खाऊच्या वेळी ते पंगतीत कोठे बसले, त्याला कोणी वाढले, पाण्याचा पेला सर्वांचा तोच होता का? पुढच्या रांगेतील हुशार मुलाशी कोणतीही बाई गोडच बोलते. शाळेचा दर्जा त्या शेवटच्या मुलापर्यंत किती पोहोचला, यावरून ठरतो. आपले मूल आज पुढे बसलेले असेल. एखाद्या आजारपणानंतर, एखाद्या नव्या शाळेत, तेही त्या भिंतीशी बसेल.

निवड करण्याजोगे काहीच नसेल तर?

'निवड' हा शब्द ज्याच्यापुढे चार दारे आहेत त्याचा. आमच्या बहुसंख्य पालकांच्या गावात एकच दार असते : अंगणवाडी. तेव्हा त्यांनी काय करावे? आमचे उत्तर असे, की जी आहे ती पारखावी, आणि पारखून सुधारावी.

अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि वजनकाटा, असे पुष्कळांना वाटते. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी यांबरोबरच शालापूर्व शिक्षण ही योजनेने सांगितलेली सेवा आहे, आणि ते मागण्याचा पालकांना अधिकार आहे. मात्र मागताना सेविकाताईंची स्थितीही समजून घेतली पाहिजे. वजने, नोंदवह्या, मोबाइलवरील माहिती, गृहभेटी, वेळोवेळी लादलेली सर्वेक्षणे, आणि मोबदला पगार नव्हे तर मानधन. या ओझ्याखाली शिकविण्याचा तास आधी आखडतो. म्हणून तक्रारीचा अर्ज घेऊन जाण्यापूर्वी विचारावे, "ताई, रोज गोष्ट-गाण्यांना किती वेळ मिळतो? आम्ही काय करू शकतो?" एखादी आजी आठवड्यातून दोनदा येऊन ओव्या आणि गोष्टी सांगू शकते. कुंभार माती देऊ शकतो, शिंपी चिंध्या देऊ शकतो, सुतार ठोकळे कापून देऊ शकतो. बोर्डी-कोसबाडला असेच साहित्य जमले होते. इमारत गळत असेल, पाणी नसेल, तर तो विषय ग्रामसभेत मांडावा आणि ठरावात लिहून घ्यावा. शेवटच्या मुलाला वेगळे बसविले जात असेल तर तेथे मात्र समजून घेण्याचे कारण नाही; ती संविधानाच्या अनुच्छेद 17 ने नाहीशी केलेली अस्पृश्यता आहे, आणि तिच्याविरुद्ध कायदा आहे.

एवढ्या लहान वयात एवढा विचार कशासाठी?

कोणी म्हणेल, तीन-चार वर्षांच्या पोराच्या खेळाला एवढे महत्त्व कशाला? याला अमेरिकेतील एक प्रसिद्ध प्रयोग उत्तर देतो. मिशिगन राज्यातील यप्सिलांटी या गावी 1962 ते 1967 या काळात पेरी शाळेच्या परिसरातील 123 गरीब कृष्णवर्णीय मुले निवडण्यात आली. त्यांतील 58 मुलांना तीन-चार वर्षांच्या वयात उत्तम बालवाडी मिळाली. उरलेल्या 65 मुलांना ती मिळाली नाही. आपण आज काय करणार, हे मुलांनी ठरवायचे, ते करायचे आणि मग काय केले ते सांगायचे, अशी तेथील रीत होती. शिक्षिका आठवड्यातून एकदा मुलाच्या घरीही जात. या सर्वांचा मागोवा त्यांच्या चाळिशीपर्यंत घेण्यात आला. बुद्धिमापन चाचणीतले आरंभीचे अंतर काही वर्षांत पुसट झाले. परंतु बालवाडीत गेलेल्यांपैकी अधिक जण शालेय शिक्षण पुरे करू शकले, त्यांची कमाई अधिक राहिली, आणि त्यांच्या वाट्याला अटक व तुरुंग कमी आला.

संख्या लहान आहे, देश वेगळा आहे, एवढ्यावरून सारे सिद्ध झाले असे आम्ही म्हणत नाही. पण जन्माने मागे ढकललेल्या समाजाची मुले होती, म्हणून हा प्रयोग आपल्या विशेष विचारात घेण्याजोगा आहे. चाचणीतले गुण पुसट झाले आणि माणूस टिकला, यातून बालवाडीकडून नेमके काय मागावे तेही कळते. ठरविण्याची, करून पाहण्याची आणि आपले म्हणणे सांगण्याची सवय मागावी. पाठांतर मागू नये.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये ओट्यावर तो प्रश्न पुन्हा विचारला गेला, तर आम्ही वडिलांना एवढेच सांगू : टाय आणि गाडी बाजूला ठेवा. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण दोन्ही ठिकाणी एकेक तास बसून या. वस्तीतल्या अंगणवाडीतही बसा. भिंतीशी बसलेले मूल शोधा आणि त्याच्याकडेच पाहत राहा. जेथे त्या मुलाला तहान लागल्यावर आपल्या बोलीत पाणी मागता येते आणि ते सर्वांच्या पेल्यातून, हसतमुखाने मिळते, तेथे तुमच्या लहानीला ठेवा. पाच-सहा वर्षांनी ती आमच्याकडे पाचवीत येईल. आम्ही तिला गावाच्या नावाचा प्रश्न विचारू, आणि ती काय सांगते ते ऐकू.